बॅटरीवरचा नोड आठ दिवसांत का बसतो? वीज वाचवायच्या पायऱ्या, बरोबर क्रमाने

लो पॉवरवाली चिप मुद्दाम शोधून घेतली, कोडमध्ये स्लीप टाकलं, तरी बॅटरी आठ दिवसांत बसली, आता काय करू? हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदाच नीट लिहून काढतोय. जवळपास प्रत्येकाने सगळ्यात आधी एकच गोष्ट केलेली असते, चिपचा क्लॉक, म्हणजे तिचा वेग, ८० मेगाहर्ट्झवरून १६ वर आणलेला असतो. उपाय चुकीचा नाही, पण त्याचा नंबर शेवटून दुसरा आहे. असा नोड, म्हणजे मधूनमधून उठून मोजमाप पाठवणारं बॅटरीवरचं छोटं यंत्र, दिवसाचे चोवीस तास धरले तर मोजून काही सेकंद जागा असतो, बाकी सगळा वेळ झोपलेला. त्यामुळे झोपेत तो किती खातो हे आधी बघायचं, जागेपणीचं नंतर.

उदाहरण एकच धरतो म्हणजे गोंधळ नको. एसटीएम३२एल४७६ (आतमध्ये आर्मचा कॉर्टेक्स-एम४ कोर), एसएक्स१२७६ लोरा मॉड्यूल (दूरवर पाठवणारा रेडिओ), डेटा साठवायची एक छोटी फ्लॅश चिप, मातीतला ओलावा बघणारा कपॅसिटिव्ह सेन्सर, तीन एए अल्कलाइन सेल. दर १५ मिनिटांनी उठायचं, ओलावा वाचायचा, एक पॅकेट पाठवायचं, परत झोपायचं. गेल्या पावसाळ्यात एक विद्यार्थी अगदी हाच नोड घेऊन आला होता. चिप वेगळी असली तरी क्रम हाच ठेवा, फक्त आकडे तुमच्या डेटाशीटमधून घ्या.

## १. आधी कागदावर हिशेब

सोल्डरिंग गन नंतर हातात घ्या. आधी एका कागदावर बोर्डवरच्या प्रत्येक वस्तूचं नाव लिहा आणि समोर दोन आकडे, झोपेत किती आणि जागेपणी किती. प्रत्येक वस्तूचं म्हणजे एलईडी, रेझिस्टर, रेग्युलेटर सगळं. लोक फक्त प्रोसेसरचा आकडा लिहितात आणि तिथेच फसतात.

त्या मुलाच्या नोडचा झोपेतला हिशेब असा निघाला. एएमएस१११७ रेग्युलेटर (बॅटरीचा व्होल्टेज ३.३ वर आणणारी चिप) स्वतःच साधारण ५ मिलिअँप, पॉवरचा लाल एलईडी १.३, लोरा मॉड्यूल स्टँडबायमध्ये १.६, सेन्सरला कायम सप्लाय म्हणून आणखी ५ च्या आसपास. बेरीज १२.९ मिलिअँप. सेलची क्षमता २५०० मिलिअँप-अवर, भागिले १२.९ म्हणजे १९४ तास, म्हणजे आठ दिवस. प्रोसेसर त्याने व्यवस्थित झोपवला होता, तो बिचारा दीड मायक्रोअँपसुद्धा घेत नव्हता, म्हणजे एकूण करंटच्या आठ-नऊ हजाराव्या भागाइतकं.

आता व्हायला हवं ते लिहा. एमसीपी१७०० रेग्युलेटर १.६ मायक्रोअँप, प्रोसेसर स्टॉप २ मध्ये (खोल झोपेचा मोड, पायरी ६ बघा) आरटीसी म्हणजे आतलं घड्याळ चालू ठेवून १.४, लोरा स्लीपमध्ये ०.२, फ्लॅश चिप पॉवर-डाउनमध्ये १, बॅटरी मोजायचा डिव्हायडर (दोन रेझिस्टरची जोडी) २.२५. बेरीज साडेसहा मायक्रोअँपच्या आत. जागेपणीचं असं की १०० मिलिसेकंद ८ मिलिअँपने वाचन, ६० मिलिसेकंद ३२ मिलिअँपने पॅकेट, हे ९०० सेकंदांवर पसरवलं की सरासरी ३ मायक्रोअँप पडतात. एकूण साडेनऊ. कागदावर ही बॅटरी तीस वर्षं जाते, म्हणजे प्रत्यक्षात सेल आपल्याआप किती उतरतात तीच मर्यादा राहते.

तपासा: तुमच्या कागदावर झोपेतल्या रकान्यात एक जरी आकडा मिलिअँपमध्ये असेल तर पुढे कोडला हात लावू नका, आधी ती वस्तू.

## २. मोजायची सोय करा

मोजल्याशिवाय यातलं काहीही कळत नाही. पण साधा मल्टिमीटर थेट मायक्रोअँप रेंजवर लावाल तर नोड चालूच होणार नाही, कारण त्या रेंजला मीटरच्या आत मोठा रेझिस्टर असतो, बूट होताना करंट वाढला की सगळा व्होल्टेज त्याच्यावरच पडतो आणि चिप रिसेट होत राहते. मग लोक म्हणतात बोर्ड खराब आहे.

पैसे असतील तर नॉर्डिकचं पॉवर प्रोफायलर किट २ घ्या, ते २०० नॅनोअँपपासून १ अँपपर्यंत मोजतं आणि ग्राफ दाखवतं. नसतील तर हे करा. बॅटरीच्या पॉझिटिव्ह वायरमध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाका, त्याला समांतर एक १एन४००७ डायोड, करंट वाहायच्या दिशेने. मल्टिमीटर २०० मिलिव्होल्ट रेंजवर त्या रेझिस्टरच्या दोन टोकांना. आता १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मायक्रोअँप, सरळ वाचायचं. नोड उठला, करंट वाढला की डायोड चालू होतो आणि साधारण पाऊण व्होल्टच पडतो, सेल ताजे असतील तर नोड बंद पडत नाही.

डायोड शॉटकी नको. त्याचा ड्रॉप कमी म्हणून सगळे तोच उचलतात, पण तो काही मिलिव्होल्टलाच एखाद-दुसरा मायक्रोअँप बाजूने सोडून देतो आणि तुमचं रीडिंग कमी दिसतं. इथे साधा सिलिकॉन डायोडच बरा.

सावध: बोर्डवर इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असेल तर पॉवर दिल्यावर लगेच आकडा लिहू नका. त्याचा लिकेज सुरुवातीला जास्त असतो आणि हळूहळू उतरतो. दहा मिनिटं थांबा.

करंट मिलिअँपमध्ये असेपर्यंत मल्टिमीटरची मिलिअँप रेंज वापरा, १०० मायक्रोअँपच्या खाली आलात की मग हा जुगाड.

एसटीचा तयार न्यूक्लिओ बोर्ड असेल तर त्यावर आयडीडी लिहिलेला जंपर असतो, तो काढून तिथे मोजा म्हणजे फक्त मुख्य चिपचा करंट दिसेल, शेजारच्या एसटी-लिंकचा, म्हणजे प्रोग्रॅम टाकणाऱ्या चिपचा नाही.

## ३. रेग्युलेटर आणि दिवे

पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला नुसतं ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर द्या म्हटलं की समोर एएमएस१११७ येतो. नाव घेऊन मागा. एमसीपी१७०० चा स्वतःचा खर्च १.६ मायक्रोअँप आणि एचटी७३३३ चा ४ च्या आसपास, दोन्ही २५० मिलिअँपपर्यंत देतात, लोराला पुरून उरतं. एमसीपी१७०० ला ६ व्होल्टच्या वर देऊ नका. एएमएस१११७ चा दुसरा त्रास म्हणजे त्याला सव्वा व्होल्टच्या आसपास जास्तीचा इनपुट लागतो, त्यामुळे तीन सेल साडेचार व्होल्टच्या खाली आले की आउटपुट घसरायला लागतो, सेलमध्ये अजून निम्मं बळ असताना नोड बंद.

एलईडी काढा, म्हणजे खरंच उपसून काढा. तयार मॉड्यूलवर पण असतो, सेन्सरच्या बोर्डवर पण असतो. बोर्डवर यूएसबी-सिरियलची चिप असेल तर ती पण सप्लायवरून तोडावी लागते.

बॅटरी मोजायचा डिव्हायडर बघा. दोन १०० किलोओहम लावले तर साडेचार व्होल्टला २२ मायक्रोअँप कायम वाहतात, तुमच्या पूर्ण बजेटच्या दुपटीहून जास्त. दोन १ मेगओहम लावा, व्होल्टेज मोजणाऱ्या एडीसीच्या पिनजवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर टाका म्हणजे रीडिंग स्थिर येतं.

तपासा: चिपमध्ये एक रिकामा प्रोग्रॅम टाका जो सुरू होताच शटडाउनमध्ये (सगळ्यात खोल झोप, पायरी ६) जातो, आणि मोजा. आता जे काही दिसतंय ते प्रोसेसरचं नाही, बाहेरचं आहे.

## ४. पिना

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. इनपुट म्हणून ठेवलेली पण कशालाच न जोडलेली पिन मधल्या व्होल्टेजला तरंगत राहते आणि आतलं इनपुट सर्किट अर्धवट चालू राहून करंट खातं. एल४ मध्ये रिसेटनंतर बहुतेक पिना अ‍ॅनालॉग मोडमध्येच असतात, तो सुरक्षित मोड आहे, पण दुसऱ्या सिरीजवरून उचललेला कोड त्यांना उगाच इनपुट करून ठेवतो. क्यूबएमएक्स या एसटीच्या सॉफ्टवेअरमध्ये न वापरलेल्या पिना अ‍ॅनालॉग करायचा एक टिक आहे, तो करा.

मग वापरातल्या पिना एकेक करून बघा. नियम सोपा आहे, झोपताना पिनच्या दोन्ही बाजूंना एकच व्होल्टेज हवा. आतला पुल-अप (पिन ३.३ कडे ओढून ठेवणारा रेझिस्टर) साधारण ४० किलोओहमचा, तो चालू आहे आणि बाहेरची वस्तू पिन खाली ओढतेय तर ३.३ भागिले ४० हजार म्हणजे ८२ मायक्रोअँप गेले. बाहेरचा ४.७ किलोओहमचा पुल-अप आणि पिन लो ठेवून झोपलात तर ०.७ मिलिअँप. एका पिनमुळे.

त्या मुलाच्या बोर्डवर रेग्युलेटर, एलईडी, सेन्सर, लोरा सगळं नीट करून झाल्यावर मीटर ८९ मिलिव्होल्टवर अडकला होता. साडेसहाच्या जागी ८९. फरक ८२ च्या जवळचा दिसल्यावर शोधायचं काय ते कळलंच, दरवाजाला लावतात तसल्या एका स्विचची पिन होती, पुल-अप चालू आणि स्विच कायम जोडलेल्या स्थितीत. पुल-अप झोपताना काढला, आकडा सातच्या आत. म्हणून सांगतो, आकडा जास्त दिसला की त्यातून बजेट वजा करा आणि उरलेल्याने ३.३ ला भागा, बहुतेक वेळा बोर्डवरच्या एखाद्या रेझिस्टरची किंमतच समोर येते.

## ५. बाहेरच्या चिप्स झोपवा

प्रोसेसर झोपला म्हणून शेजारचे झोपत नाहीत, त्यांना सांगावं लागतं. एसएक्स१२७६ पॅकेट पाठवून झाल्यावर स्टँडबायला येऊन थांबतो, तिथे तो १.६ मिलिअँप घेतो. त्याला स्पष्ट स्लीपची कमांड द्या. फ्लॅश चिपला पॉवर-डाउनची कमांड वेगळी असते, डब्ल्यू२५क्यू सिरीजला ०एक्सबी९, नाही दिली तर ती नुसती स्टँडबायमध्ये बसते.

ज्याला झोपच येत नाही त्याचा सप्लाय तोडा. कपॅसिटिव्ह सेन्सरमध्ये टायमर चिप सतत चालू असते, तिला झोप माहीत नाही. पी-चॅनल मॉस्फेट स्विचसारखा वापरून सप्लाय द्या, गेटला पुल-अप म्हणजे आपोआप बंद राहील. सप्लाय दिल्यावर लगेच वाचू नका, आउटपुट स्थिर व्हायला किती वेळ लागतो तो एकदा स्कोपवर बघा आणि तेवढाच थांबा.

सावध: सप्लाय तोडलेल्या चिपच्या सिग्नलच्या पिना हाय ठेवून झोपू नका. पिनमधून त्या चिपच्या आतल्या संरक्षक डायोडमार्गे करंट शिरतो आणि ती अर्धवट जिवंत राहते. आयटूसीचे पुल-अप पण त्याच तोडलेल्या सप्लायवर घ्या, मुख्य ३.३ वर नाही.

## ६. झोपेचा मोड निवडा आणि बरोबर क्रमाने झोपा

आता प्रोसेसर. साधा स्लीप म्हणजे फक्त कोरचा क्लॉक थांबतो, बाकीचं सगळं, क्लॉक वाढवणाऱ्या पीएलएलसकट, चालू, करंट मिलिअँपच्या घरातच राहतो. स्टॉप २ मध्ये जवळजवळ सगळे क्लॉक थांबतात पण रॅमला व्होल्टेज राहतो, १.१ मायक्रोअँप, आरटीसीसह १.४, आणि जाग आल्यावर कोड जिथे थांबला तिथूनच पुढे. स्टँडबायमध्ये कोरचा सप्लायच तुटतो, ०.१२ मायक्रोअँप, शटडाउनमध्ये ०.०३, पण दोन्हीत उठणं म्हणजे रिसेट, सगळं पहिल्यापासून.

आकडा बघून सगळे शटडाउनकडे धावतात. आपल्या कामाला स्टॉप २ च घ्या. दर १५ मिनिटांनी रिसेट होऊन सगळं परत इनिशियलाइझ करण्यात जो जागेपणीचा वेळ जातो त्यात वाचवलेला एक मायक्रोअँप सहज जाऊ शकतो, शिवाय शटडाउनमध्ये ब्राउन-आउटवर, म्हणजे सप्लाय फार खाली गेला का यावर, लक्ष ठेवणारं सर्किट पण बंद असतं, उतरत्या बॅटरीवर मला ते नको वाटतं. दिवसातून एकदाच उठणारं यंत्र असेल तर गोष्ट वेगळी.

क्रम असा ठेवा. आरटीसीला ३२.७६८ किलोहर्ट्झच्या बाहेरच्या क्रिस्टलवर चालवा. वेक-अप टायमरचा क्लॉक १ हर्ट्झ निवडा आणि त्यात ८९९ भरा, तो एक जास्त मोजतो म्हणून ९०० नाही. इथे खूप जण चुकतात, क्लॉक भागिले १६ वर तसाच ठेवला तर काउंटर १६ बिटचा असल्याने ३२ सेकंदांच्या पुढे जातच नाही आणि नोड वेड्यासारखा उठत बसतो. मग लोराचं पॅकेट खरंच गेलं का त्याची खात्री, मग पायरी ४ आणि ५, मग जुने वेक-अप फ्लॅग आणि पेंडिंग इंटरप्ट साफ, मग हॅलचा, म्हणजे एसटीच्या तयार लायब्ररीचा, मिलिसेकंद मोजणारा टिक सस्पेंड, आणि मग स्टॉप २.

फ्लॅग साफ नाही केले तर डब्ल्यूएफआय (इंटरप्ट येईपर्यंत थांब) ही सूचना थांबतच नाही, लगेच पुढे जाते, आणि तुम्हाला वाटतं चिप झोपली. आणि नुसती डब्ल्यूएफआय लिहिली, स्लीपडीप बिट सेट नाही, तर तो साधा स्लीपच झाला. हॅलचं स्टॉप २ चं फंक्शन हा बिट स्वतः लावतं, हाताने रजिस्टर लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

उठल्यावर सगळ्यात आधी सिस्टम क्लॉक परत कॉन्फिगर करा, कारण स्टॉपमधून उठताना पीएलएल बंद असतो आणि चिप आतल्या ऑसिलेटरवर उठते. मग टिक रिझ्युम. हे विसरलात तर पहिल्याच डिलेला कोड कायमचा अडकतो, जागेपणीचा पूर्ण करंट खात, आणि बॅटरी भराभर उतरते.

सावध: इंडिपेंडंट वॉचडॉग (कोड अडकला तर चिप रिसेट करणारा टायमर) चालू असेल तर तो स्टॉपमध्येसुद्धा मोजत राहतो आणि त्याची कमाल मुदत ३२ सेकंदांच्या आसपास, म्हणजे १५ मिनिटांची झोप तो पूर्ण होऊच देणार नाही. ऑप्शन बाइट्समध्ये स्टॉपमध्ये वॉचडॉग गोठवायची सोय आहे, ती लावा, वॉचडॉग काढून टाकू नका.

## ७. डीबगर काढा, पॉवर काढा, मग मोजा

यावर मी स्वतः दोन दिवस घालवलेत. डीबगर जोडलेला असताना स्टॉप मोडमध्ये पण क्लॉक चालू ठेवणारा एक बिट सेट होतो, म्हणजे डीबगिंग तुटू नये. तो बिट रिसेट बटणाने जात नाही, फक्त पॉवर पूर्ण काढून परत दिल्यावरच जातो. त्यामुळे प्रोग्रॅम टाकला, केबल काढली, रिसेट दाबला, मोजलं, आणि आकडा भलताच मोठा. कोड बरोबर होता, मी तो बदलत बसलो.

प्रोग्रॅम टाका, डीबगरच्या सगळ्या वायरी काढा, ग्राउंड पण, बॅटरी काढून कपॅसिटर रिकामे होईपर्यंत थांबा, परत लावा, दहा मिनिटांनी वाचा. प्रत्येक बदलानंतर असंच.

तपासा: पायरी १ च्या कागदावरची बेरीज आणि मीटर यांच्यात दोन-तीन मायक्रोअँपहून जास्त फरक असेल तर पायरी ४ ला परत जा.

## ८. आता जागेपण

इथे पहिल्यांदा क्लॉकचा विषय. चिपच्या आतला स्विचिंगचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाने आणि क्लॉकच्या प्रमाणात वाढतो. नुसता क्लॉक निम्मा केला तर करंट साधारण निम्मा होतो पण काम दुप्पट वेळ चालतं, हाती काही लागत नाही, उलट बाकीच्या वस्तू दुप्पट वेळ जाग्या राहतात. फायदा व्होल्टेज उतरवल्यावर आहे. एल४७६ मध्ये रेंज १ ला कोर १.२ व्होल्टवर, ८० मेगाहर्ट्झपर्यंत, आणि रेंज २ ला १.० व्होल्टवर, २६ मेगाहर्ट्झपर्यंत. १.० आणि १.२ च्या वर्गांचं गुणोत्तर ०.६९, म्हणजे स्विचिंगची तीसएक टक्के ऊर्जा वाचते. म्हणून आपल्या नोडला रेंज २ आणि २४ मेगाहर्ट्झ चांगलं बसतं.

सावध: खाली येताना आधी क्लॉक कमी करा, मग व्होल्टेज. वर जाताना आधी व्होल्टेज, मग क्लॉक. उलटं केलंत तर चिप कधी अडकेल सांगता येत नाही, टेबलावर चालेल आणि बाहेर नेल्यावर उन्हात फसेल.

पण त्याच्याही आधी वाट बघण्यात जाणारा वेळ कापा. सेन्सर स्थिर होईपर्यंत डिले लावून बसू नका, तेवढा वेळ परत झोपा. लोरा पॅकेट पाठवत असताना प्रोसेसरने लूपमध्ये विचारत राहायची गरज नाही, इंटरप्टने उठवू दे. डीबगसाठी ९६०० बॉडवर शंभर अक्षरं छापली की १०४ मिलिसेकंद गेले, लोराच्या पॅकेटपेक्षा जास्त, शेतात ते वाचणार कोणीच नाही. आणि एम४ मधलं फ्लोटिंग पॉइंट युनिट फक्त सिंगल प्रिसिजनचं आहे, कोडमध्ये डबल वापरलात की सगळं सॉफ्टवेअरने होतं, कितीतरी पट वेळ घेतं.

मोबाइल अ‍ॅप लिहिणाऱ्यांनाही हेच लागू आहे. फोनच्या प्रोसेसरमध्ये मोठे आणि छोटे कोर असतात, कुठलं काम कुठे टाकायचं ते सिस्टम बघते, पण तुमच्या अ‍ॅपने वेकलॉक (फोनला जागं ठेवायची मागणी) धरून ठेवला तर फोन झोपणारच नाही, छोटा कोर असून उपयोग काय.

## ९. बॅटरीवर, खऱ्या जागी

जागा वाचवायला कॉइन सेल लावायचा मोह होतो. सीआर२०३२ ची क्षमता सव्वादोनशे मिलिअँप-अवरच्या आसपास, पण अडचण क्षमतेची नाही, त्याच्या आतल्या रेझिस्टन्सची आहे. लोराने ३० मिलिअँप मागितले की व्होल्टेज धपकन पडतो, विशेषतः सेल जुना किंवा थंड असेल तर, आणि चिप रिसेट. रेडिओ असेल तर एए घ्या.

बंद डब्यात टाकण्याआधी बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून धुवा. फ्लक्स राहिला आणि ओल धरली की तो रेझिस्टरसारखा वागतो, आणि १ मेगओहमच्या डिव्हायडरशेजारी हे लगेच जाणवतं. पावसाळ्यात करंट आपोआप वाढला अशी तक्रार आली की मी कोड बघायच्या आधी बोर्डची खालची बाजू बघतो.

प्रत्येक पॅकेटमध्ये बॅटरीचा व्होल्टेज आणि बूट किती वेळा झाला तो काउंटर पाठवा. पहिले पंधरा दिवस रोज बघा. बूटचा काउंटर १ वरच थांबलेला हवा, वाढत असेल तर वॉचडॉग किंवा ब्राउन-आउट, पायरी ६ आणि सेल तपासा. व्होल्टेज सुरुवातीला थोडा उतरून मग जवळपास सपाट झाला पाहिजे. रोज ठरावीक उतरतच राहिला तर नोड काढून आणा आणि परत १ किलोओहमच्या रेझिस्टरवर लावा.